तिच्या मापाचा ओटा

माझी बायको लेकीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला गेली तेव्हा थंडीचे दिवस होते. रायपूर स्टेशनावर मी तिचं सामान बर्थखाली सरकवलं, खाली उतरलो आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिलो. ती आतून बोटांनी काहीतरी सांगत होती. एसीच्या डब्याची काच उघडत नाही, त्यामुळे मी नुसती मान हलवली. नंतर फोनवर कळलं, ती गॅस बंद केला का ते विचारत होती.

इतक्या वर्षांच्या संसारात घरात मी एकटा असा कधी राहिलोच नव्हतो. नोकरी रेल्वेच्या ऑफिसातली, बदली अशी झालीच नाही. तिचं माहेर इथलंच, पुरानी बस्तीतलं. सकाळी माहेरी गेली तरी संध्याकाळी परत यायची. तिच्या घरचे लोक भोसल्यांच्या काळापासून रायपूरचे, आणि आम्ही वर्ध्याकडून नोकरीसाठी आलेले. भांडण झालं की ती मला अजूनही म्हणते, "तुम्ही बाहेरचे लोक."

मी रिटायर होऊन वर्ष झालं होतं. ती गेल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. मग घरातला पंखासुद्धा मोठ्यानं वाजतो असं वाटायला लागलं. मी टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो, कोणीतरी बोलतंय एवढं पुरे व्हायचं.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा काळ्या कडप्प्याचा होता, कडेला टवका उडालेला. बाथरूममध्ये पाणी तुंबायचं. ती दरवर्षी दिवाळीची साफसफाई करताना म्हणायची, "हे एकदा नीट करून घेऊ," आणि दरवर्षी दुसरं काहीतरी निघायचं, फी, लग्न, माझ्या आईचं आजारपण. मी ठरवलं, ती येईपर्यंत हे करून टाकायचं. तिला काही सांगायचं नाही. खरं सांगायचं तर तिच्यासाठी करायचं होतं हे जेवढं खरं, तेवढंच घरात माणसांचा आवाज हवा होता हेही खरं.

लेकीला तेवढं सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते.

"बाबा, आई को आने दो ना पहले."

"आल्यावर पाहील ना ती."

"किचन उसका है, आप अकेले कैसे डिसाइड करोगे?"

"त्यात काय डिसाइड करायचं? जुनं काढायचं, नवीन लावायचं," मी म्हणालो.

कॉलनीतल्या एकानं त्याचं गॅरेज बांधणारा ठेकेदार सुचवला. तिशीतला पोरगा, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मोजायची टेप हेल्मेटमध्ये ठेवायचा. मला काका म्हणायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "टेन्शन मत लो काका" असायचं, आणि त्याच्याशी बोलून झाल्यावर खरंच टेन्शन कमी व्हायचं. तसा माणूस मला आवडला.

काम सुरू झालं. घणाच्या काही घावांत जुना ओटा खाली आला आणि मलबा भरून ट्रॅक्टर निघून गेला. मी पुढच्या खोलीत एक छोटी शेगडी मांडली, जेवणाचा डबा लावला. दुपारी बायकोचा फोन आला तेव्हा आत टाइल्स कापायचं मशीन सुरू होतं.

"कसला आवाज येऊन राहिला?"

"बाजूला काम काढलं आहे."

"बाजूच्या भाभीनं? कालच तर बोलली माझ्याशी, काही म्हटलं नाही तिनं."

"तिच्याकडे नाही. मागच्या घरी."

"मागं तर मैदान आहे."

तिकडे लेकीचं नुकतंच झालेलं बाळ रडत होतं. ती म्हणाली, "बरं. धूळ नाकात जाऊ देऊ नका, रुमाल बांधा तोंडाले." त्यानंतर तिनं आवाजाबद्दल कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं, आणि ते तसंच चालू राहिलं.

काम संपलं त्या दिवशी मी प्रत्येक दिवा लावून पाहिला. पांढऱ्या टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, खाली ड्रॉवर. ठेकेदारानं स्वतः फडक्यानं ओटा पुसला, मोबाइलवर फोटो काढला. मी त्याला चहा दिला. त्या पोराच्या जाण्यानंही घर जरा रिकामं वाटलं, इतकी मला माणसांची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आलो तर पाणी माझ्या आधी बाहेर आलेलं. बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे द्यायचा, तो दाराकडे दिला होता. पाणी उंबऱ्याखालून निघून पलंगाखाली जाऊन थांबलं होतं. मी वायपरनं ओढून काढलं. मग सिंकखालचं कपाट उघडलं, तर तिथला डबा भिजलेला. दोन-चार टाइल्सवर बोटानं वाजवून पाहिलं, आतून पोकळ आवाज आला. एक ड्रॉवर अर्ध्यावर येऊन अडकायचा.

फोन केला. "कल आदमी भेजता हूँ काका, टेन्शन मत लो." आदमी आला नाही. पुढच्या वेळी फोन वाजून बंद झाला. त्यानंतर मी फोन करायचा, तो उचलायचा नाही, आणि मी रोज पलंगाखालचं पाणी काढायचो.

पण खरी चूक मला नंतर कळली. मी सकाळी ओट्याशी उभा राहून भेंडी चिरत होतो. चिरता चिरता लक्षात आलं की माझी पाठ अजिबात दुखत नाहीये. जुन्या ओट्यावर चहा करतानाही मला वाकावं लागायचं. इथं मी ताठ उभा होतो, हात जिथल्या तिथे. मी उंच माणूस आहे. मला जो ओटा इतका सोयीचा, तो तिला कुठे येईल? कढईत पाहायला तिला टाचा उंच कराव्या लागतील. पोळी लाटायला खांदे वर घ्यावे लागतील. तिचा उजवा खांदा तसाही दुखतो.

मी सुरी खाली ठेवली आणि ती कुठवर येते ते आठवायला लागलो. माझ्या खांद्याला? खांद्याच्या खाली? इतकी वर्षं जे माणूस शेजारी उभं होतं, ते किती उंच आहे हे मला सांगता येईना. लग्नाच्या फोटोत आम्ही खुर्च्यांवर बसलेलो. लेकीच्या लग्नातल्या फोटोत ती पायरीवर उभी.

दुपारी फोनवर विचारलं, "तुझी उंची किती आहे?"

"काहून? दुसरी पाहून राहिले का?"

"सांग ना."

"मले काय माहीत. मोजली कोणी?" ती हसली. मग बाळाची ढेकर काढायची होती म्हणून तिनं फोन लेकीकडे दिला.

व्हिडिओ कॉल रोज व्हायचा. लेक फोन धरायची आणि पडद्यावर सगळं बाळच असायचं. त्याचं कपाळ, त्याची मूठ, त्याचं झोपेतलं हसणं. बायको म्हणजे कडेनं येणारा हात, दोन हिरव्या बांगड्या, आणि आवाज. मला म्हणायचं असायचं की जरा तू समोर ये. लेकीच्या देखत ते तोंडातून निघायचं नाही. मी म्हणायचो, "बाळाला जरा उजेडात धर," म्हणजे ती त्याला उचलायला पुढे वाकेल आणि क्षणभर दिसेल. नातवावर माझा जीव आहे. पण त्या दिवसांत मी त्याच्या मागे काय दिसतंय तेच पाहत होतो.

ठरल्याप्रमाणे ती मार्चमध्ये परत यायची होती. मग लेकीचं ऑफिस सुरू होणार होतं, बाळाला सांभाळायला ठेवलेली बाई दोन दिवसांत सोडून गेली. "अजून थोडे दिवस थांबते," ती म्हणाली. मी म्हणालो, "थांब ना, इथं काय अडलं आहे?"

तिची उंची मला शेवटी आरशानं सांगितली. आमच्या झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला आरसा आहे. रात्री झोपायच्या आधी ती त्याच्यासमोर उभी राहून कपाळावरची टिकली काढते आणि समोरच्या काचेला लावते, जिथे तिचं कपाळ दिसतं बरोबर तिथंच. सकाळी तिथूनच उचलून परत लावते. जाताना एक मरून टिकली तशीच राहून गेली होती. मी आरशासमोर उभा राहिलो तर ती टिकली माझ्या गळ्याशी आली.

मग मी जे केलं ते कोणी पाहिलं नाही हे बरं. मी गुडघे वाकवले आणि टिकली माझ्या कपाळावर येईपर्यंत खाली गेलो. तसाच राहून हात कोपरातून वाकवला, पोळी लाटताना धरतात तसा. दुसऱ्या हातानं पेन्सिलीनं कपाटावर कोपराच्या रेषेत खूण केली. उभं राहताना पलंगाचा आधार घ्यावा लागला. खुणेपासून जमिनीपर्यंत मोजलं आणि मग ओटा मोजला. ओटा तिच्या कोपराच्याही वर जात होता.

ठेकेदाराचं काम आता शहराबाहेर नवीन वसवलेल्या नवा रायपूरमध्ये चाललं आहे, असं कॉलनीतल्या त्या गॅरेजवाल्यानं सांगितलं. मी बस पकडून गेलो. त्या बाजूला रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि माणूस तर मुळात दिसतच नाही. बसमधून उतरून उन्हात बराच चाललो. एका गार्डला विचारलं, त्यानं हात लांब करून एक अर्धवट बंगला दाखवला.

ठेकेदार मला पाहून दचकला, पण लगेच प्लॅस्टिकची खुर्ची आणवली.

"अरे काका, आप यहाँ? फोन कर देते."

"कर ही तो रहा हूँ," मी म्हणालो.

त्यानं खाली पाहिलं. मी बाथरूमच्या उताराचं सांगितलं. तो म्हणाला, "थोड़ा वायपर मार दिया करो काका. पानी अपना रास्ता बना लेता है."

"बना लिया है. मेरे पलंग के नीचे से."

मग ओट्याचं सांगितलं. तो म्हणाला, ही स्टँडर्ड हाइट आहे, सगळीकडे हीच देतात, कोणाची तक्रार नाही.

"मेरी घरवाली छोटी है."

"कितनी?"

मी उठून उभा राहिलो आणि हाताचा पंजा आडवा करून हनुवटीशी धरला. "इतनी," मी म्हणालो. हात मी लगेच खाली घेतला नाही. त्या रेतीच्या ढिगाजवळ, मिक्सरच्या आवाजात, हाताखाली जी मोकळी जागा होती तिथं ती उभी आहे असं मला वाटून गेलं. जरा हात खाली केला असता तर तिच्या केसांना लागला असता. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

ठेकेदारानं विचारलं, "आंटी कब आ रही हैं?"

"पता नहीं."

"तो फिर जल्दी क्या है काका? आने दो, आदत हो जाएगी."

"जल्दी है," मी म्हणालो आणि परत खुर्चीवर बसलो. मी भांडलो नाही. मला भांडता येत नाही, ऑफिसातही येत नव्हतं. मी नुसता बसून राहिलो. त्याची माणसं माझ्या बाजूनं घमेली घेऊन जात-येत होती. त्यानं चहा मागवला, मी प्यालो. बंगल्याचे मालक आले तेव्हा त्यानं मला "हमारे काका हैं" म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना काही बोलेन की काय या भीतीनं सारखा माझ्याकडे पाहत राहिला. मी काही बोललो नाही. मालक गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"इतवार को मैं खुद आऊँगा. पक्का."

तो खरंच आला. बरोबर वेगळा मिस्त्री होता. बाथरूमची फरशी उखडली, परत बसवली. या वेळी मी बादली घेऊन उभा राहिलो. पाणी ओतायचं, जाळीकडे जातं का पाहायचं, आणि मगच पुढची टाइल. सिंकखालचा पाइप बदलला. ओटा काढताना मात्र ग्रॅनाइटची फरशी मधोमध तडकली. ठेकेदार माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, जोड देऊन बसव. मिस्त्रीनं विचारलं, कितना नीचे? मी दोरीवर मोजून ठेवलेलं माप त्याला दिलं. तो म्हणाला, काका, इतना नीचे आपको दिक्कत होगी. मी म्हटलं, होऊ दे. पोकळ टाइल्सपैकी काही बदलल्या, नव्यांचा पांढरा रंग जुन्यांशी जुळला नाही. काही तशाच राहिल्या. सगळं ठाकठीक झालं असं म्हणता येणार नाही, पण पलंगाखाली पाणी जायचं थांबलं.

ती मे महिन्यात आली, तेसुद्धा माझ्यासाठी नाही. पुरानी बस्तीत तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. जावयानं तेवढ्यापुरती रजा घेतली होती. आठवडाभरानं तिला परत जायचं होतं.

स्टेशनावरून घरी आलो. तिनं पाय धुतले आणि बाथरूममधून म्हणाली, "पाणी बरोबर जाऊन राहिलं." मग स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा. तिनं आधी टाइल्सकडे पाहिलं, मग ग्रॅनाइटवर बोट फिरवत आली आणि जोडापाशी थांबली.

"हे काय?"

"तुटला बसवताना."

"हं." तिनं दोन्ही हात ओट्यावर टेकवले. खांदे वर गेले नाहीत. "बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझा जुना दगड कुठं टाकला?"

"मलब्यात गेला."

कडप्प्याचा तुकडा ठेवून घ्यावा असं मला सुचलंही नव्हतं, आणि त्याचं तिला काय होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिनं गॅस पेटवला आणि चहा ठेवला.

तो आठवडा लग्नातच गेला. ती सकाळी थोडा वेळ घरी असायची, बाकी दिवस माहेरी. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो.

"बाहेर बसा ना, तिथं उजेड आहे."

"इथं बरा आहे उजेड."

ती लाटायची, मी पेपराच्या वरून पाहायचो. तिचा हात कोपरातून सरळ पुढे जायचा आणि मागे यायचा. मधेच ती विचारायची, "किती खाल?" मी एक पोळी जास्त सांगायचो, म्हणजे ती अजून थोडा वेळ तिथं उभी राहील.

जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिला कपाटावरची पेन्सिलीची रेघ दिसली.

"हे कोणी ओढलं?"

मी सांगितलं. टिकलीचं, गुडघ्यांचं, कोपराचं, सगळं. ती हसायला लागली. हसता हसता पलंगावर बसली, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "परत करून दाखवा."

"आता?"

"हव, आता."

मी आरशासमोर उभा राहून गुडघे वाकवले. ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आरशात आमची दोघांची तोंडं एका उंचीवर आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुखून राहिले ना गुडघे?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो आणि जमलं तेवढा वेळ तसाच राहिलो.

ती गेली त्याला आता बरेच महिने झाले. मधे मी हैदराबादला जाऊन आलो. त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे. मी हॉलमध्ये झोपायचो, ती आत लेकीजवळ, बाळ रात्री उठतं म्हणून. लेक म्हणते, "बाबा, घर को ताला लगा दो, यहीं आ जाओ." मी तिला सांगतो, पाहू. इथं सकाळी त्या ओट्यावर मी माझं वरण शिजवतो, दोन पोळ्या लाटतो. चांगलंच वाकावं लागतं. पाठ दुखली की जरा ताठ होतो आणि परत वाकतो. बाजूच्या भाभीनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, भैया, खाली पाट ठेवून बसूनच करा ना सगळं. कधी कधी तसंही करतो. परवा गॅसमागची एक टाइल निसटून पडली. ठेकेदारानं या वेळी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला आणि आधी आंटीचंच विचारलं.

बाळ आता बसायला लागलं आहे, रांगतंही आहे. ती म्हणते, ते चालायला लागलं की त्याला पाळणाघरात ठेवता येईल, मग येते. मी विचारलं, पोरं साधारण कधी चालतात? ती म्हणाली, "आपली तर लवकर चालली होती." मला ते आठवत नाही, मी त्या वेळी ऑफिसात असणार. आता मी रोज फोनवर विचारतो, उभं राहिलं का. काल ती म्हणाली, सोफ्याला धरून उभं राहिलं आणि एक पाय उचलला. मग खाली बसलं.